नाव लिहू नका

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. १९७२ साली जरीपटका वस्तीजवळच्या एका हायस्कुलात माझा जन्म झाला, तोही संपामुळे. मॅट्रिकच्या वर्गाला विज्ञानाचे तास होत नव्हते, म्हणून मुलांनी चार दिवस शाळा बंद पाडली. ऑफिसच्या काचा फुटल्या. तेव्हा हेडमास्तर महादेवराव फाटकात उभे राहून म्हणाले, "दगड खाली टाका. जे सांगायचं ते लिहून द्या. नाव लिहू नका. माझा शब्द आहे."

मुलांनी ऐकलं. धोंडबा सुताराने मोडक्या बाकाच्या फळ्यांतून मला घडवलं.

सुरुवातीला माझी फार वाहवा झाली. चिठ्ठी पडली की नळ दुरुस्त होई, मुलींच्या संडासाला कडी लागे. दुसऱ्या शाळांचे मास्तर मला बघायला येत. मीही फुशारले.

मग सत्यवतीची चिठ्ठी आली. मॅट्रिकची हुशार मुलगी ती. तिने लिहिलं होतं, "विज्ञानाचे सर आमचा तास सोडून संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाला घरी शिकवायला जातात. आम्ही परीक्षेत काय लिहायचं?"

खोटं काहीच नव्हतं. पण अध्यक्ष लालबुंद झाले. "अक्षर कोणाचं ते शोधा!"

महादेवरावांनी साऱ्या वह्या मागवल्या. माझ्याच झाकणावर चिठ्ठी ठेवून अक्षर ताडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सत्यवतीचं नाव शाळेतून काढलं.

तिची आई मनकर्णा भाजीची टोपली बाजारातच टाकून धावत आली.

"तुमीनंच सांगतलं होतं ना गुरुजी, लिवून टाका म्हून? पोरीनं लिवलं, त तिले काहून काढून राहिले?"

महादेवराव टेबलाकडे बघत म्हणाले, "माझ्या हातात काही नाही, बाई."

"अक्षर त तुमच्याच हातानं शोधलं," ती म्हणाली आणि लेकीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा संप झाला. महादेवराव फाटकात आले, पण त्यांच्या शब्दाला आता कोण विचारतो? पोलीस आले, लाठ्या चालल्या. सत्यवती त्या साली मॅट्रिकला बसलीच नाही.

मी अडगळीत पडले. शाळा तपासायला साहेब येणार असले की मला पुसून व्हरांड्यात टांगतात. आत एकही चिठ्ठी नसते. साहेब खूश होऊन म्हणतात, "मुलं शांत झाली." मुलांनी सांगणं सोडलंय, हे त्यांना कोण सांगणार!

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल. ऐकायची छाती नसेल, तर माझ्यासारखी पेटी भिंतीला टांगू नका.