तशीच नको, हीच

मित्रांनो, मला सगळे जुनी म्हणतात, पण मी कधी कुणाची झालेच नव्हते. मी डोंगरात चालवायची बॅटरीवरची सायकल. कारखान्यातून दुकानात आले त्याच दिवशी मालकाने माझ्या दांड्यावर ‘चाचणीसाठी’ अशी पट्टी चिकटवली. माझ्यासोबत आलेल्या बहिणी एकेक करून लोकांच्या घरी गेल्या. मी दाराशीच राहिले. येणाऱ्याने माझ्यावर बसून पाहायचे, मान डोलवायची आणि ‘अशीच नवी द्या’ म्हणायचे.

म्हणून कोणी माझे कौतुक करू लागले की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. नवशिके तर मी दुरूनच ओळखते. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती पळते?’ थांबते कशी, हे विचारणारा मला तरी भेटला नाही. मग ते बसल्या बसल्या मोटारीचा जोर सगळ्यात वर चढवतात, मी झेपावते, ते पडतात आणि खापर माझ्यावर फुटते. ‘ही जरा ओढते हो,’ असे म्हणत कपडे झटकतात. माझ्या अंगावरच्या एकेका ओरखड्यात कुणाची ना कुणाची झाकलेली फजिती आहे.

एके दिवशी मला माझ्याहून संशयी अशा एक बाई भेटल्या. त्या विमा कंपनीत दाव्यांची छाननी करत. समोरचा खरे बोलतो की थापा मारतो, हे शोधण्याचाच त्यांना पगार होता. मी मनातल्या मनात त्यांचे नाव छाननीबाई ठेवले. सोबत त्यांचे दीर होते. दिरांना सायकलीतले सगळे कळते, असे दिरांचे मत होते.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळा मामला समजला. बाईंचे वडील टेकडीवर एकटे राहत. शेवटचा रस्ता कच्चा, अरुंद आणि उभ्या चढाचा, तिथे मोटारगाडी जात नसे. बाई एक दिवसाआड चालत वर जायच्या, पण आता त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. धाकट्या भावाने वृद्धाश्रमात खोली पाहून ठेवली होती. नेमाने वर जाणारे कोणी नसेल, तर महिनाअखेर वडिलांना तिकडे हलवायचे, असे ठरले होते. वडिलांना घर सोडायचे नव्हते. बाई लहानपणी सायकल शिकल्या होत्या आणि लहानपणीच विसरल्या होत्या.

दिरांनी सगळ्यात मोठ्या बॅटरीच्या, सगळ्यात चकचकीत सायकलीकडे बोट दाखवले. ती बाईंना इतकी उंच होती की पाय जमिनीला टेकेनात. मालकाने मग मला पुढे केले, सीट खाली घेतली आणि समजावून सांगितले की जोर सगळ्यात खालचा ठेवा, दोन्ही ब्रेक मिळून दाबा, घाई करू नका. बाईंनी सगळे नीट ऐकून घेतले आणि तिथेच त्यांचा संशय बळावला. हा माणूस खालच्या जोरावरच चालवा म्हणतो, म्हणजे वरच्या जोरावर नक्की काहीतरी गडबड असणार. मालकाची पाठ वळताच त्यांनी बटण दाबून जोर थेट वर नेला आणि पेडल मारले.

आम्ही दोघी रिकाम्या खोक्यांच्या ढिगात जाऊन पडलो.

दीर धावत आले. “वहिनी, ही गाडीच खराब आहे. ओढते ती,” ते म्हणाले. मला हे पाठ होते.

बाईंनी खोक्यांत बसूनच चष्मा सरळ केला. “गाडीनं काय केलं? बटण मी दाबलं.” मग त्यांनी आधी मला उभे केले आणि त्यानंतर स्वतःचे कोपर पाहिले.

मित्रांनो, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मला भरून आले. पण लगेच वाटले, इथे कुठेतरी पाणी मुरतेय. भली माणसेही शेवटी नवीच घेतात.

दुकानामागे मातीचा चढ होता. तिथे बाईंनी मला खालच्या जोरावर चालवले, मध्येच थांबवून पुन्हा सुरू केले, उतारावर दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मग मोटार बंद करून मला ढकलत वर नेले, कारण बॅटरी कधी दगा देईल याचा त्यांना भरवसा नव्हता. मी वजनाला भारी. बाईंना धाप लागली, पण त्यांनी मला सोडले नाही. माझी बॅटरी थोडी उतरली आहे आणि ब्रेकचे पॅड झिजले आहेत, हेही त्यांनी मालकाकडून वदवून घेतले.

“बरं, आतून तशीच नवी काढतो,” मालक म्हणाला.

“तशीच नको. हीच द्या.”

“अहो, ही कितीदा पडलीये.”

“म्हणूनच. हिचं काय काय बिघडलंय ते मला कळलंय. नवीचं मला काय ठाऊक? आणि तुम्ही ही द्यायला का-कू कशाला करताय? लपवताय काय?”

दीर कानात काहीतरी पुटपुटले, पण बाई ऐकेनात. शेवटी मालकाने नवे पॅड बसवले आणि माझ्या दांड्यावरची पट्टी सोलून काढली. तिच्याखाली माझा मूळचा रंग होता, तो मी विसरूनच गेले होते.

तरी माझा विश्वास बसला नाही. घरी दोन दिवस ठेवतील आणि परत आणून टाकतील, अशीच माझी खात्री होती. पहिल्या सुट्टीला आम्ही टेकडीकडे निघालो. चढावर त्यांना वाटे की मी बंद पडेन, मला वाटे की त्या मागे फिरतील. अशा धाकधुकीतच आम्ही वर पोहोचलो.

वडील दारातच होते. त्यांनी माझी चाके चाचपून पाहिली.

“आज आली. उद्या बंद पडली तर?”

“ढकलत येईन. ढकलून पाहिलीये मी.”

वडील आत वळले. दाराच्या आत भावाने भरून ठेवलेली बॅग होती. ती त्यांनी पायाने बाजूला सारली, उघडली आणि आतला स्वेटर काढून खुंटीला अडकवला. मग एकेक करत बाकीचे कपडेही कपाटात ठेवले.

“तिला आत घे,” ते मुलीला म्हणाले. “बाहेर गंजेल.” बॅगेची जागा मला मिळाली.

मित्रांनो, एखादी वस्तू घेताना खुशाल संशय घ्या. ती चालवून, थांबवून, ढकलून बघा. पण ती तुमच्या हातून पडली, तर आधी तिला उचला आणि चूक कुणाची होती ते मोकळेपणाने सांगा. मग तिचा ब्रेक, साखळी, बॅटरी वेळच्या वेळी बघत राहा. आमची छाननीबाई अजूनही निघण्याआधी माझे दोन्ही ब्रेक दाबून बघते. पूर्वी मला तो अपमान वाटला असता. आता ज्या दिवशी ती विसरेल, त्या दिवशी मला काळजी वाटेल.