झोप्याची हजेरी

आम्ही चाचे. दुसऱ्यांची जहाजं लुटून पोट भरणारी जात, आमच्यात माया कसली! पण आमच्या कप्तानाला सगळे बाबा म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. ज्याचं नाव ऐकून बंदरं दारं लावून घ्यायची, तो पहाडासारखा माणूस तापाने फणफणलेल्या खलाशाला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजायचा.

त्याचा नियम एकच. नांगर उचलायच्या आधी तो एकेकाला हाक मारणार, आपण "आहे" म्हणायचं. सगळी लेकरं आल्याशिवाय जहाज हलणार नाही.

मी जहाजावरचा आचारी. माझा धाकटा भाऊही इथेच होता. त्याला झोप्या म्हणायचे, कारण मेला उभ्या उभ्यासुद्धा घोरायचा. हजेरीला दोनदा चुकला तेव्हा बाबाने दम भरला होता, "तिसऱ्यांदा चुकलास तर कायमचा उतरवीन."

सोळा वर्षांपूर्वी एक वखार लुटून आम्ही धावतपळत जहाजावर चढलो. मागे शिपायांच्या होड्या सुटल्या होत्या. बाबाने झोप्याला हाक मारली. उत्तर नाही. मला वाटलं, पडला असेल खाली पोत्यांवर. लहानपणी बापाच्या मारातून त्याला वाचवायचो, तसंच मान खाली घालून मी त्याच्या आवाजात म्हटलं, "आहे."

नांगर उचलला. झोप्या खाली नव्हता. तो वखारीतच झोपला होता. तिसऱ्या दिवशी त्याला फाशी दिली, असं पुढे एका कोळ्याने सांगितलं.

मी तोंड उघडलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय! "उत्तर भुताने दिलं," असं सगळे कुजबुजायचे. बाबा दर हजेरीला झोप्याचं नाव घ्यायचा आणि थांबायचा. सगळे पायांकडे बघत उभे राहायचे. आणि देवाशप्पथ सांगतो, मला दर वेळी खालच्या पोत्यांतून "आहे" ऐकू यायचं. माझ्याच आवाजात.

काल सकाळी बाबाला तपासून वैदू म्हणाला, म्हातारा आजचा दिवस काढेल तर खूप. तो मेल्यावर मी कुणापाशी मन मोकळं करणार होतो? दुपारी त्याच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि पायाशी बसलो.

"बाबा, त्या दिवशी मी 'आहे' म्हटलं. माझ्या भावाला मीच मारलं." मला रडू आवरेना.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पोरांचे आवाज बापाला कळत नाहीत होय?"

"कधी कळलं?"

"तेव्हाच."

मी पायाशी बसलो होतो, तो उठून त्याच्या उशाशी गेलो.

"होड्या जवळ आल्या होत्या," तो धापा टाकत म्हणाला. "थांबलो असतो तर तीसच्या तीस जण लटकले असते. माझ्याच्याने नियम मोडवत नव्हता. तू खोटं बोललास आणि मी सुटलो. मग तुला जळू दिलं. तू गप्प होतास तोवर मलाही गप्प बसता येत होतं."

सोळा वर्षं! त्याचा गळा दाबावासा वाटला मला. त्याने माझा हात धरला.

"तू त्याचा सख्खा भाऊ. तूच सांग, तिसांसाठी एक सोडला, ते बरोबर केलं ना मी?"

त्या तिसांत मी होतो. "नाही" म्हणायला तोंड नव्हतं, आणि "हो" म्हणायला जीभ वळेना. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि बघता बघताच गेला.