उतरलेला आकडा

आकडा उतरला.

हैमवतीने तो पुन्हा वाचला. गर्भ राहिल्याचं सांगणारा हार्मोन परवा रक्तात चांगला सापडला होता. आज तो दुप्पट व्हायचा, तर निम्म्याहूनही खाली आला होता.

म्हणजे—

नाही. ते वाक्य तिने पुरं केलं नाही.

"काय गं, गप्प का?" बाकावर शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. "भरपूर आला ना?"

"कमी आलाय, अत्तय्या."

"मेल्या यंत्राला काय कळतंय!" म्हणाल्या खऱ्या, पण पिशवीचा बंद त्यांनी बोटाला करकचून गुंडाळला.

हैमवतीने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. गर्भ आत सोडण्याआधी ती गुंटूरहून तिरुपतीला जाऊन केस देऊन आली होती. सगळे. आणि देवाने—

हेही वाक्य नको.

आत डॉक्टर पद्मजांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. चष्मा काढणाऱ्या डॉक्टरांची तिला धास्तीच होती.

"पोटात दुखतंय?"

"नाही." दुखायला हवं होतं का?

"असंच उतरत राहिलं तर इंजेक्शनं थांबवावी लागतील, अम्मा."

गर्भ धरून ठेवणारी इंजेक्शनं. ती थांबवायची. म्हणजे त्याचा हात सोडायचा.

"दुसरं काही औषध घेतेस?"

"तुम्ही दिलेलंच."

"आणि केसांच्या गोळ्या," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "ते काही औषध नव्हे. परवा आकडा चांगला आला, तशी मीच दुकानातून आणल्या. सातव्या महिन्यात सीमंत करायचं, फुलांची वेणी माळायची. कशावर माळू? या तुळतुळीत डोक्यावर? लवकर वाढावेत म्हणून तीन-तीन देते. आज सकाळीही दिल्या."

डॉक्टरांनी चष्मा घातला. "दाखवा."

पिशवीतून स्ट्रिप निघाली.

"यात बायोटिन आहे. भरपूर. ते रक्तात असलं की आमचं यंत्र फसतं, आकडा कमी दाखवतं."

"म्हणजे बाळ आहे?" हैमवतीने विचारलं.

"म्हणजे ठाऊक नाही. आकडा खराही असेल. या गोळ्या बंद, इंजेक्शनं चालू. तीन दिवसांनी पुन्हा रक्त."

घरी. सासूबाईंनी पप्पूच्या वरणात मीठ दोनदा घातलं. हैमवती संडासात जायला भ्यायची. आधी दिवा लावायची, मग डोळे मिटायची, मग एक डोळा उघडून बघायची.

दाराबाहेर सासूबाई. "काय गं?"

"काही नाही."

"रक्त नाही ना?"

"नाही, अत्तय्या."

तिसऱ्या दिवशी रक्तासाठी पुन्हा सुई. संध्याकाळी फोन वाजला. तिने तो सासूबाईंकडे सरकवला. त्यांनी तो परत तिच्याकडे ढकलला.

"बोला, डॉक्टर."

आकडा. पहिल्याच्या पाचपट.

सासूबाई फरशीवरच बसल्या. "त्या दिवशी इंजेक्शनं बंद केली असती तर? एका वेणीपायी मीच गं त्याला—"

हैमवतीने त्यांचा हात उचलून आपल्या खरखरीत डोक्यावर ठेवला. त्यांचं रडणं ओसरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग ती उठली. संडासातला दिवा लावला. डोळे मिटले आणि आत गेली.