धागा तुटला, थांबा

निवृत्तीकाकांच्या मेंदूचा पहिला स्कॅन पुसट आला होता आणि दुसराही तसाच येत होता. मशीन चालवणाऱ्या उज्वलाने तो मध्येच थांबवला. आता तिसऱ्यासाठी जेमतेम वीस मिनिटं उरली होती. बाहेर पुढचे पेशंट ताटकळत बसले होते.

काका येवल्याचे पैठणी विणकर. हात मांडीवर असले की शांत, पण धागा उचलायला गेले की थरथरायचे. वर्षभर मागावरच्या पदरात एक मोर अर्धाच राहिला होता. हा कंप मेंदूतल्या ज्या तंतूंवरून हातापर्यंत पोचतो, त्यांचं स्वच्छ चित्र मिळालं तरच डॉक्टर उपचार करणार होते. पुसट चित्रावर डोक्याला हात लावणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं.

दुसऱ्या वेळी उज्वलाने संगणकाच्या पडद्याऐवजी काचेतून आत पाहिलं होतं. मशीनची खटखट सुरू झाली आणि पांघरुणाखाली काकांचे पाय हलू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. त्याबरोबर डोकंही अगदी थोडं हलत होतं.

तिने माइकवरून विचारलं तेव्हा काका ओशाळले. चाळीस वर्षांची सवय. ठेका ऐकला की पाय आपोआप मागाच्या पावड्या दाबू लागतात, म्हणाले.

"झोपेत पण विणतात," त्यांची बायको, भागीबाई, उज्वलाच्या खोलीच्या दारातून म्हणाली. "माझी गोधडी रोज रात्री विणून होते."

"मग थांबतात कशाने, मावशी?"

"जेवण थंड झालं म्हटलं तर नाय थांबत. धागा तुटला म्हटलं की थांबतात."

धागा तुटल्यावर एक जरी पावडी पडली तर खोट कापडात जाते. म्हणून भागीबाई टोक शोधून, सांधून, तसं सांगेपर्यंत काका हलत नसत.

उज्वलाने तिला आपल्या खुर्चीत, माइकसमोर बसवलं. भागीबाई किंचित वाकली आणि घरच्याच आवाजात म्हणाली, "अहो, धागा तुटला. थांबा."

उज्वलाने बटण दाबलं. अकरा मिनिटं मशीन खटखटत राहिलं. आत अंगठासुद्धा हलला नाही. बाहेर भागीबाईही हलली नाही. तिची दोन बोटं धागा धरल्यासारखी चिमटीत मिटलेली होती.

आवाज थांबला. आतून काका म्हणाले, "सापडलं का टोक? किती वेळ लावतेस."

"सांधला. उठा आता."

तासाभराने डॉक्टरांनी रंगीत चित्र दाखवलं. लाल, हिरव्या, निळ्या तंतूंच्या झुबक्यात त्यांनी पेनाने एक जागा दाखवली: इथे उपचार करायचा, मंगळवारी या. साडीची उलटी बाजू तपासावी तसं काकांनी चित्र बराच वेळ निरखलं.

"सगळा धागा सलग हाय की."

तुटलेलं काही नाहीच, डॉक्टर म्हणाले, फक्त इथली थरथर शांत करायची आहे.

काका भागीबाईकडे वळले. "मोराच्या निळ्या धाग्याची कांडी काढून ठेव."

"सकाळी निघतानाच काढून आलेय," ती म्हणाली.