एक वाजता पडणारी फळी

मी फळी बोलतेय. विद्यार्थी विभागाच्या खिडकीची फळी. आवाज जरा खरखरीत वाटेल, पण जन्मभर आपटून घेतलंय, गोडवा कुठून आणू? आणि आधीच सांगून टाकते, मी क्षमाशील वगैरे नाही. झालं गेलं विसरून जावं म्हणतात. विसरा तुम्ही. लाकडावरचा ओरखडा तसाच राहतो.

माझा जन्म वर्ध्याच्या एका कॉलेजात झाला, चौऱ्याहत्तर साली. कागदावर मी सागवान आहे, खरी आंब्याची. नत्थूजी सुतारांनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं, दोन बाजूंच्या खाचांत वरखाली सरकेल अशी बसवलं आणि वर धरून ठेवायला एक खुंटी दिली. खुंटी काढली की मी धाडकन खाली. नत्थूजी खिडकी छातीच्या उंचीवर काढणार होते. तेवढ्यात बडे बाबू आले. रूपराव त्यांचं नाव, विद्यार्थी विभागाचे सर्वेसर्वा. म्हणाले, "अजून खाली घ्या. पोट्टे वाकले पायजे. वाकला का आवाज आपोआप खाली येते."

म्हणून मी कमरेच्या उंचीवर आले. पुलगावहून पॅसेंजरने आलेला पोरगा असो की बोरगाव मेघेची पोरगी, दाखला हवा तर वाका. आत बडे बाबू उंच खुर्चीवर. त्यांना दिसायचे फक्त तेल लावलेले भांग. एक वाजला की समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर असलं तरी खुंटी निघायची, आणि नाकं थोडक्यात वाचायची. पोरं शिव्या कोणाला द्यायची? मला! ज्याने पाडली तो आत चहा पीत बसलेला.

एकोणऐंशीत कोकिळाबाई आल्या. बी.ए. झालेल्या, घरी स्थळं पाहणं सुरू, तोवर ही कारकुनी. पुढे काय करायचं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, पाहू. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि घरून एक बुटकं स्टूल आणून त्यावर बसल्या. आता वाकणाऱ्याच्या समोर एकदम माणसाचा चेहरा! पोरं आधी दचकायची, मग बोलायला लागायची. आयटीआय करू की बी.कॉम.? घरचे पुढे शिकू देत नाहीत, काय करू? बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी प्रत्येकाला विचारायच्या, "सांग बरं, तुले काय करायचं हाय?"

तो प्रश्न हळूहळू त्यांच्याच मानगुटीवर बसला. दुपारी डबा झाला की माझ्यावर बोटं वाजवत कुठेतरी पाहत राहायच्या. बडे बाबू म्हणायचे, कोकिळाबाईनं इथं दुकान मांडलं. पण दुकान चालत होतं बरं का! बाई बसल्या की रांग, बडे बाबू बसले की शुकशुकाट. झोंबणारच ना.

मग ऐंशीचा जून आला. पुलगावच्या गिरणी कामगाराची पोरगी होती गुलाब. तिला नर्सिंगची वाट बाईंनीच दाखवली होती. प्रवेशाचा शेवटचा दिवस, फक्त वर्तणुकीचा दाखला राहिलेला, तोही तयार होऊन टेबलावर पडलेला. गाडी उशिरा आली. गुलाब धापा टाकत पोचली तेव्हा बाई सह्या घ्यायला प्राचार्यांकडे गेल्या होत्या. खिडकीशी बडे बाबू. तिने हात आत घातला. "बाबूजी, तो पाहा, तो माहाच हाय."

एक वाजला होता. बडे बाबूंनी खुंटी काढली.

उन्हाळ्याने मी वाळून सैल झालेली, थांबणार कशी? तिची दोन बोटं माझ्याखाली चेचली. "टाइम म्हंजे टाइम," बडे बाबू म्हणाले आणि जेवायला गेले. बाई परत आल्या तोवर गुलाब गेली होती. तिचा प्रवेश हुकला तो हुकलाच, आणि त्याच हिवाळ्यात घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं.

बाईंनी माझ्या कडेचं रक्त पदराने पुसलं. बराच वेळ पुसत होत्या. मग माझ्याकडे पाहतच म्हणाल्या, "मले हेच काम करायचं हाय. पण असं नाई. नीट शिकून करीन."

नागपूरला समाजकार्याची पदवी, दोन वर्षांची. घरचे म्हणाले, नोकरी शाबूत राहत असेल तरच जा, नाहीतर लग्नाला उभी राहा. म्हणजे सगळं बिनपगारी रजेवर अडलं, आणि रजा बडे बाबूंच्या शिफारशीवर. ते हसले. म्हणाले, "पोट्ट्यायचं रडगाणं आयकाले डिगरी काऊन पायजे?" पुढच्या वर्षीही हेच. बाईंच्या घरी साखरपुड्याची बोलणी सुरू झाली.

मी मात्र ठरवून टाकलं होतं. या माणसाला वाकवायचंच.

एक्याऐंशीच्या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली. व्हरांड्यातलं छत माझ्यावर गळत होतं आणि मी मिळेल तेवढं पाणी पीत होते. आंब्याचं लाकूड, मी टम्म फुगले. त्याच आठवड्यात विद्यापीठाची समिती विद्यार्थ्यांच्या सोयी पाहायला आली. प्राचार्य तिला घेऊन व्हरांड्यात आले आणि नेमकी रांगेत पोरांची ढकलाढकली सुरू झाली. बडे बाबू खुर्चीवरून उठले, वाकले आणि ओरडायला डोकं माझ्याखालून बाहेर काढलं.

बस्स. खुंटी निसटली. फुगलेली असल्याने मी आपटले नाही, कुरकुरत, सावकाश, मजेत खाली आले आणि त्यांच्या मानेवर बसले. आता वरही जाईना, खालीही जाईना. बडे बाबू वाकलेले, आवाज आपोआप खाली आलेला. पोरं पोट धरून हसत होती.

कोकिळाबाईंनी आतून मला उचलून पाहिलं. मी कशाला उचलले जातेय! मग त्यांनी नत्थूजींना बोलावणं धाडलं, आपलं बुटकं स्टूल घेतलं, दारातून बाहेर आल्या आणि बडे बाबूंच्या तोंडासमोर बसल्या. रोज पोरांना विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सांगा बाबूजी, तुमाले काय करायचं हाय?"

"मले बाहेर निघायचं हाय."

"मलेबी तेच पायजे, बाबूजी."

बडे बाबूंचे कान लाल झाले. "देतो बाप्पा, रजा देतो," ते पुटपुटले. मी अजून थोडं दाबलं. तेव्हा प्राचार्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणाले. नत्थूजी पटाशी घेऊन आले, आणि त्यांनीही काही घाई केली नाही.

बाई नागपूरला गेल्या, शिकून परत आल्या. शहाऐंशीत त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या आणि पहिल्या दिवशी गवंडी बोलावून खिडकी फोडायला लावली. आता तिथे दार आहे. मला फेकतील वाटलं होतं, पण बाईंनी मला चार पाय लावून बाक केलं. पोरं माझ्यावर बसतात, बाई शेजारी बसतात, आणि प्रश्न अजून तोच असतो.

तुम्हाला वाटेल, झाला सूड. कसला झाला! बाईंचं झालं, गुलाबचं वर्ष कोणी परत दिलं? बडे बाबू तर हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्यांचा नातू यंदा बारावीला आहे असं ऐकते, आणि पुढचा सल्ला घ्यायला अख्खा वर्धा इथेच येतो.

माझ्या डाव्या टोकाला एक खिळा आहे. बाई तो ठोकून ठोकून थकल्या. दर झडीला मी त्याला पुन्हा वर काढते. तेव्हा एवढंच सांगणं, कधी आलात तर उजवीकडे बसा. डावी बाजू राखून ठेवली आहे.