टेपवरचं ‘हौ’

अरविंद साठ्यांनी टेप तिसऱ्यांदा मागे घेतली आणि बटण दाबलं. पीप, पीप, पीप. मग त्रिवेणीचा आवाज, ‘हौ.’ मग शांतता.

त्या शांततेत नऊ माणसांचं लहान विमान टेकडीवर आदळलं होतं.

“विमान फार खाली आल्याचा इशारा तुम्ही ऐकलात,” साठे म्हणाले. चौकशीसाठी ते मुंबईहून आले होते. “ऐकून ‘हो’ म्हणालात. आणि वैमानिकाला काहीच सांगितलं नाहीत.”

“‘हो’ नाही सर. ‘हौ’.”

“फरक काय?”

त्रिवेणीने ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. लायसन्स राहणार की खटला उभा राहणार, ते आता या एका शब्दावर होतं. काचीगुड्याच्या घरी तिने चौकशीचं सांगितलंही नव्हतं. तिने शेजारी बसलेल्या हिम्मतरावांकडे पाहिलं. विमानांना वाट दाखवण्याचं काम तिला त्यांनीच शिकवलं होतं.

“साहेब, आमच्या हैदराबादेत कुणी फार बडबडलं की माणूस ‘हौ, हौ’ म्हणतो,” हिम्मतराव म्हणाले. “सासू बोलत असली की जावई म्हणतो, तसं. त्यानं काही ऐकलेलं नसतं.”

साठे हसले नाहीत. “म्हणजे यांनी लक्षच दिलं नाही. हे तर जास्त वाईट.”

त्यांनी तसं लिहायला घेतलं. हिम्मतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“थांबा. ते ‘हौ’ तिचं नाही, माझं आहे.”

“सर, नक्को,” त्रिवेणी पुटपुटली.

“गप बस, बेटा.” ते साठ्यांकडे वळले. “खाजगी कंपन्या आल्या, दोन वर्षांत विमानं दुप्पट झाली. माणसं तेवढीच. हे इशाऱ्याचं नवं यंत्र टेकडीवरून उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला ओरडायचं, ते नीट उंचीवर असलं तरी, दिवसात चाळीस-पन्नास वेळा. मी दोनदा लिहून कळवलं. शिकाऊ पोरं दचकायची, हातातलं विमान विसरायची. मग मी शिकवलं. वाजलं की ‘हौ’ म्हणायचं, बटण दाबायचं, पुढचं विमान बघायचं. पाठ होईपर्यंत म्हणवून घेतलं.”

“आणि आधी पडद्यावर उंची बघायची, हे?”

हिम्मतरावांनी चष्म्याची दांडी मिटली, उघडली.

“पहिल्या बॅचला शिकवलं. नंतर वेळ मिळाला नाही.”

त्रिवेणीने बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली. बोट पांढरं पडलं होतं. ती हिम्मतरावांकडे बघत राहिली. पहिल्या बॅचला उंची बघायला शिकवलं होतं, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

साठ्यांनी लिहिलेली ओळ खोडली. “नंतरचे किती?”

“एकवीस.”

“त्यांतले आत्ता ड्यूटीवर किती आहेत?”

हिम्मतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिफ्ट बदलून दहा मिनिटं झाली होती.

“चौघं असतात,” ते म्हणाले. “चौघंही त्यांतलेच.”