‘अडली गाडी’ आणि चाळीस सेकंद

त्या सकाळी मालिकेच्या कचेरीत निर्मात्यांचा पारा चढला होता. शाळेतल्या गाणाऱ्या मुलामुलींची त्यांची संगीत मालिका दोन वर्षं घरोघरी पाहिली जात होती आणि आता आठवड्यागणिक प्रेक्षक गळत होते.

“गोडगोड किती दिवस चालणार?” टेबलावर हात आपटत ते म्हणाले. “आजची पोरं फोनवर काय काय बघतात! आणि आपली पोरं अजून फुलपाखरांवर गातायत. ताई, जरा हद्द ओलांडा. लोकांनी ‘अगं बाई, हे काय!’ म्हटलं पाहिजे.”

ताई म्हणजे मालिकेच्या गीतकार. चाळिशी ओलांडलेल्या, हजरजबाबी. यमक कायम जिभेच्या टोकावर. मालिकेत मागच्या रांगेत उभी राहणारी, अडखळत बोलणारी एक मुलगी होती. चहा निवायच्या आत ताईंनी तिच्यावर गाणं लिहून टाकलं. सगळा वर्ग तिच्याभोवती फेर धरून नाचतो आणि तिच्या तोंडात अडकलेला शब्द तालावर घोळवतो: ‘अ-अ-अडली गाडी, मारा धक्का!’ चाल अशी फक्कड जमली की ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांना हसू आवरेना.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. प्रेक्षक परत आले. निर्माते येईल त्याला सांगत सुटले, “बघा, याला म्हणतात धाडस!” ताईंनाही ते खरं वाटलं.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला. ताईंची भाची शिकायला त्यांच्याकडे राहत होती. भाऊ-वहिनी नोकरीमुळे परगावी. पोरगी बडबडी, वर्गात बोलली असेल काहीतरी, असं म्हणत ताई निघाल्या.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत भाची मान खाली घालून उभी होती. समोर एक गृहस्थ बसले होते. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. सतत भिंग लावून डोळ्याखाली वळ उठलेला. शेजारी त्यांची मुलगी, दप्तर पोटाशी घट्ट धरून.

“तुमची भाची रोज मधल्या सुट्टीत दहा-बारा मुली जमवते,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आणि हिच्याभोवती फेर धरून ते गाणं म्हणते. हिला बोलताना अडखळायला होतं. अठरा दिवस झाले, ही वर्गात एक अक्षर बोललेली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.”

“पण आत्या,” भाची एकदम उसळून म्हणाली, “ते तुझंच तर गाणं आहे! टीव्हीवर चालतं, मग शाळेत का नाही?”

ताईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

“त-त-त…” घड्याळजींनी सुरुवात केली. तेही मुलीसारखेच अडखळत होते! ताई घाईघाईनं म्हणाल्या, “हो हो, मी तिला माफी मागायला सांगते, तुम्ही काळजी…”

घड्याळजींनी हात वर केला. “म-मला पुरं करू द्या.”

ताई गप्प झाल्या. पंखा फिरत राहिला. समोरचा माणूस एकेक शब्द आतून ओढून काढत होता आणि ताईंना नुसतं थांबायचं होतं. इतका वेळ कुणाचं ऐकत बसायची त्यांना सवयच नव्हती.

“माझी मुलगी तुमची मालिका आ-आवडीनं बघायची,” ते म्हणाले. “अडखळणारी मुलगी टीव्हीवर तिनं पहिल्यांदा बघितली. ‘बाबा, आपल्यासारखी!’ म्हणून ओ-ओरडली. ती मुलगी अख्खं वाक्य कधी बोलते, काय बोलते, याची तीन महिने वाट बघत होती. आणि तुम्ही तिला पुरं ब-बोलूच दिलं नाहीत.”

“मी ते पात्रच काढून टाकायला लावते,” ताई म्हणाल्या.

“नको! मग आमच्यासारखं तिथे कुणीच उरणार नाही. तुम्ही हद्द ओलांडलीत म्हणून माझी त-तक्रार नाही, ताई. तुम्ही सगळ्यात ठेंगणं कुंपण शोधून त्यावरून उडी मारलीत. जिला उलटून बोलता येत नाही तिच्यावर हसायला क-कसली आलीय हिंमत? हिंमत असेल तर तिला एक वाक्य बोलू द्या. अख्खं. मधे कुणी न ब-बोलता.”

घरी जाताना भाची मुसमुसत होती. “चूक तुझी आहेच,” ताई म्हणाल्या, “पण शब्द माझे होते. आधी मीच ते निस्तरलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी त्या नवं गाणं घेऊन घड्याळजींच्या दुकानात गेल्या. त्यात ती मुलगी गायला लागते आणि तिचं अडखळणंच संपतं. सगळे टाळ्या वाजवतात.

घड्याळजींनी कागद वाचला. “गाताना अडत नाही, हे खरं. पण म-म्हणून काय मी गिऱ्हाइकांशी गाऊन बोलू?”

दोघांनाही हसू फुटलं. ताईंनी कागद फाडला आणि तिथेच स्टुलावर बसून प्रसंग पुन्हा लिहिला. मुलगी सगळ्यांसमोर एवढंच म्हणते, ‘मला मागच्या रांगेतून पुढे यायचं आहे.’ तिला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. गाणं त्यानंतर.

निर्मात्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. “चाळीस सेकंद? चाळीस सेकंदांत माणूस चार वाहिन्या फिरून येतो! वाद नको असेल तर पात्र काढा आणि मोकळ्या व्हा.”

“साहेब, हद्द ओलांडा, हे तुमचेच शब्द,” ताई शांतपणे म्हणाल्या. “कुणाला तरी लाजवून हसवणं मला चहा निवायच्या आत जमलं. ते धाडस नव्हतं, आळस होता. मुलांच्या मालिकेत दुःख दाखवू, भांडण दाखवू, मोठ्यांना अवघड वाटतं तेही दाखवू. पण ज्याची गोष्ट सांगतोय त्याची मान खाली जाता कामा नये.”

“आणि प्रेक्षक गेले तर?”

“तर माझ्यामुळे गेले म्हणून सांगा. पण हा प्रसंग होणार नसेल, तर उद्यापासून गाणी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.”

निर्मात्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. “करून बघू,” शेवटी म्हणाले. “आवडलं नाही तर कात्री माझ्याच हातात आहे.”

ताईंच्या बोलावण्यावरून चित्रीकरणाला घड्याळजी आले. त्या भूमिकेतल्या मुलीला त्यांनी समोर बसवलं. “ओठ उगाच थरथरवू नकोस. शब्द य-येणार, हे तुला ठाऊक आहे. लोकांनाच ठाऊक नाही.”

कॅमेरा सुरू झाला. “म-म-मला…” दहा सेकंद. पंधरा. कुणी हललं नाही. विसाव्या सेकंदाला दिग्दर्शकाचा हात ‘कट’ म्हणायला वर गेला आणि निर्मात्यांनी तो मनगटाशी पकडला.

“थांब! बोलू दे तिला!” ते कुजबुजले.

वाक्य पूर्ण झालं. कात्री लागली नाही!

भाग दाखवला गेला. कुणी कळवलं की कंटाळा आला. कुणी लिहिलं, माझ्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बोलू दिलं. ‘अडली गाडी’ ताईंनी दाखवायचं बंद करायला लावलं, तरी कुठल्या कुठल्या फोनांवर ते अजून वाजतंच. ते आता त्यांच्या हातात नाही, आणि ही बोच त्यांना कायम राहील.

त्या आठवड्यात ताई भाचीला घेऊन घड्याळजींच्या दुकानात गेल्या. त्यांची मुलगी तिथेच बसली होती.

“माझं चुकलं,” भाची म्हणाली. “मला माफ करशील?”

मुलीचे ओठ हलले. शब्द अडला. भाचीच्या तोंडाशी तो आयता आला होता, पण तिनं दात घट्ट आवळले आणि थांबली.

“ल-ल-लगेच नाही,” मुलगी म्हणाली. “ब-बघू.”

“बरं,” भाची म्हणाली. ताई मधे पडल्या नाहीत. कित्येक आठवड्यांनंतर ती मुलगी शाळेतल्या कुणाशी बोलली होती, आणि आपल्या मनातलंच बोलली होती.

वाचकहो, मुलांच्या करमणुकीनं कुठवर जावं, हा वाद घरोघरी होतो. जावं, खुशाल लांबवर जावं! मुलांना सगळं कळतं. त्यांच्यापासून जग लपवून काही साधत नाही. पण कुणाला तरी तुडवून पुढे जाण्यात पुरुषार्थ नाही. आपण लिहितो, दाखवतो, हसतो, तेव्हा एकदा एवढंच विचारू या, की ज्याच्यावर हे हसू आहे, तो आपल्या शेजारी बसून ते पाहू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर हसू आवरायचं, आणि त्याचं म्हणणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यायचं.